वाचकांचे प्रश्न: ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ आणि पडद्यावरून हातात आलेली वही

मुलांच्या ॲनिमेशन मालिकांवरून निघालेल्या पुस्तकांविषयी आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी बरीचशी ‘ग्रॅव्हिटी फॉल्स’ या अमेरिकी मालिकेच्या सोबतीला निघालेल्या ‘जर्नल ३’ या पुस्तकाविषयीच होती, म्हणून या वेळचे सदर त्याच एका पुस्तकाला दिले आहे. ज्यांनी मालिका पाहिलेली नाही, त्यांच्यासाठी आधी थोडी माहिती देतो. ॲलेक्स हर्श यांनी निर्माण केलेली ही मालिका १५ जून २०१२ ते १५ फेब्रुवारी २०१६ या काळात डिस्नेच्या वाहिन्यांवर दोन पर्वांत, एकूण ४० भागांत प्रसारित झाली. डिपर आणि मेबल ही बारा वर्षांची जुळी भावंडे उन्हाळ्याच्या सुट्टीत ओरेगन राज्यातील ग्रॅव्हिटी फॉल्स या काल्पनिक गावी आपल्या चुलत आजोबांकडे, स्टॅनकडे, राहायला येतात. बनावट चमत्कार दाखवून पर्यटकांकडून पैसे काढणे हा स्टॅनचा धंदा आहे. पहिल्याच भागात डिपरला जंगलात लपवून ठेवलेली एक वही सापडते. तिच्या लाल मुखपृष्ठावर सहा बोटांचा सोनेरी पंजा आहे आणि त्यावर ३ हा आकडा लिहिला आहे. गावातल्या अद्भुत प्राण्यांची आणि घटनांची बारकाईने केलेली नोंद त्या वहीत आहे, पण ती लिहिणारा कोण, हे मात्र कोणालाच ठाऊक नाही.

प्रश्न: माझ्या दहा वर्षांच्या मुलीने ही मालिका दोनदा पाहिली आहे आणि आता तिला ‘जर्नल ३’ हवे आहे. पाहिलेलीच गोष्ट पुन्हा वाचून तिला काय मिळणार, हे मला कळत नाही. मालिकेच्या लोकप्रियतेवर विकला जाणारा हा आणखी एक माल आहे का? (एक आई, ठाणे)

उत्तर: आपली शंका रास्त आहे, कारण मालिकांवरून निघालेली बहुसंख्य पुस्तके तशीच असतात. पडद्यावरची चित्रे उचलून छापायची, त्यांच्याखाली भागाचे कथानक चार ओळींत सांगायचे, शेवटी कोडी आणि स्टिकर जोडायचे, अशी त्यांची ठरलेली घडण असते. अशा पुस्तकांतून मुलाला मालिकेची आठवण तेवढी मिळते, वाचनाचा अनुभव मिळत नाही. याच मालिकेचे २०१४ साली निघालेले एक मार्गदर्शक पुस्तक हलक्याफुलक्या करमणुकीचे होते, आणि त्याकडून त्याहून जास्त अपेक्षा कोणी ठेवलीही नव्हती.

‘जर्नल ३’ची जात वेगळी आहे. ते मालिकेविषयी लिहिलेले पुस्तक नाही, तर मालिकेच्या आतली वस्तू आहे. डिपरला जंगलात सापडलेली वही म्हणजेच हे पुस्तक, अशी त्याची कल्पना आहे, आणि ही कल्पना पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत कोठेही मोडलेली नाही. मालिका संपल्यानंतर काही महिन्यांनी, २६ जुलै २०१६ रोजी ते प्रसिद्ध झाले. स्वतः हर्श आणि मालिकेचे एक प्रमुख निर्माते रॉब रेन्झेटी यांनी ते लिहिले, आणि चित्रे अँडी गोन्साल्व्हेस व स्टेफनी रामिरेझ यांनी काढली. मालिकेत ही वही सतत कोणाच्या ना कोणाच्या हातात असते, पण प्रेक्षकाला तिचे एखादेच पान दिसते आणि तेही दोन-तीन सेकंदांपुरते. ते पान वाचता यावे म्हणून मुले चित्र थांबवून पडद्याजवळ जाऊन बसत. या मुलांना पुस्तकाने संपूर्ण वही हातात दिली, म्हणजे प्रत्यक्ष डिपरच्या जागी आणून बसवले.

या पुस्तकाचे खरे सामर्थ्य मात्र त्यातल्या हस्ताक्षरांत आहे, असे माझे मत आहे. सुरुवातीची पाने वहीच्या मूळ लेखकाची आहेत. तो कोण, हे मी येथे मुद्दाम सांगत नाही, कारण हे सदर मुलेही वाचतात. मालिकेतल्या घटनांच्या तीसएक वर्षे आधी लिहिलेल्या या नोंदींत एका एकट्या, बुद्धिमान आणि काहीशा गर्विष्ठ संशोधकाचे मन उलगडत जाते. आरंभी त्याला प्रत्येक नव्या प्राण्याचे कौतुक वाटते, मापे आणि आकृत्या काढताना तो हरखून जातो. पुढे एका सल्लागारावर तो आंधळा विश्वास टाकतो, एकुलत्या एका मित्राच्या इशाऱ्याकडे दुर्लक्ष करतो, आणि मग अक्षर बिघडू लागते, वाक्ये तुटू लागतात, समासात भीतीने खरडलेल्या ओळी दिसू लागतात. त्यानंतर वही डिपरच्या हाती येते आणि मुलाचे अक्षर सुरू होते. मध्येच मेबल घुसते, रंगीत पेनांनी लिहिते आणि भावाच्या गंभीर नोंदींवर स्वतःचे शेरे मारते. एकाच वहीत माणसे बदलतात आणि त्यांच्याबरोबर भाषा, चित्रांची शैली, शाईचा रंग, सारेच बदलते. लिहिणाऱ्याचे नाव वर दिलेले नसतानाही नुसत्या लिहिण्यावरून माणूस ओळखायला दहा वर्षांची मुलगी येथे आपोआप शिकते, आणि कोणत्याही चांगल्या कादंबरीच्या वाचनासाठी हीच तयारी लागते.

दूरदर्शन मालिकेला जे साधत नाही, ते हे पुस्तक साधते, याचेही कारण आहे. वीस-बावीस मिनिटांच्या भागात पात्राला मनातले सांगायला समोर कोणीतरी लागते. वहीत माणूस स्वतःशीच बोलतो. मूळ लेखकाची कहाणी मालिकेत मुख्यतः एका भागात आणि तीही घाईने सांगून टाकावी लागली, कारण पुढचे कथानक वाट पाहत होते. पुस्तकात तिला तिच्या वेगाने घडू दिले आहे. त्याने केलेली चूक एका रात्रीतली नव्हती, ती थोडी थोडी करून घडली, हे पडद्यापेक्षा कागदावर कितीतरी स्पष्ट दिसते.

एक उणीवही सांगायला हवी. डिपरच्या नोंदींपैकी काही भागांत पाहिलेल्या घटनांची उजळणी अधिक आहे आणि नवे थोडे आहे. मालिका तोंडपाठ असलेल्या मुलीला ती पाने भराभर उलटावीशी वाटतील. तिला तसे करू द्यावे. आपण हे पुस्तक अवश्य घ्यावे, आणि जमल्यास तिच्याआधी नव्हे तर तिच्याबरोबर वाचावे.

प्रश्न: मी सातवीत आहे. माझे पहिले पर्व पाहून झाले आहे. मामाने वाढदिवसाला ‘जर्नल ३’ दिले. मी ते लगेच वाचू का? (एक विद्यार्थी, नागपूर)

उत्तर: थोडा धीर धर. वही कोणी लिहिली, हे कोडे मालिकेने पहिल्या भागात घातले आणि त्याचे उत्तर दुसऱ्या पर्वाच्या अकराव्या भागाच्या अगदी शेवटी, मार्च २०१५ मध्ये दिले. म्हणजे प्रेक्षकांनी जवळपास पावणेतीन वर्षे वाट पाहिली, तर्क लढवले, एकमेकांशी वाद घातले. पुस्तक हे उत्तर तुला माहीत आहे असे धरूनच लिहिले आहे, आणि त्याची शेवटची पाने तर मालिकेच्या अखेरच्या भागानंतरची आहेत. तू आता वाचलेस, तर दुसऱ्या पर्वातला सर्वांत मोठा क्षण तुझ्या हातून जाईल. शेवटचा भाग पाहीपर्यंत पुस्तक मामाकडेच ठेवायला दे.

तोपर्यंत करण्यासारखे एक काम तुला सुचवतो. पहिल्या पर्वातल्या प्रत्येक भागाच्या शेवटी, श्रेयनामावलीत, एक अर्थहीन वाटणारी ओळ येते. ती उलगडण्याची किल्ली शीर्षकसंगीताच्या शेवटी ऐकू येणाऱ्या कुजबुजीत आहे, पण ती कुजबुज उलटी वाजवून ऐकावी लागते. पहिल्या काही भागांत तिचा अर्थ ‘तीन अक्षरे मागे’ असा होतो. पहिल्या भागाची ओळ तू आजच उलगडू शकशील. पुढे किल्ली बदलते, तेव्हा कान उघडे ठेव.

प्रश्न: मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. माझ्या भाच्याकडे हे पुस्तक पाहिले. त्यातल्या गुप्तलिपींचा उपयोग पाचवी-सहावीच्या वर्गात मराठीतून करता येईल का? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर: हा प्रश्न वाचून मला फार आनंद झाला, कारण माझ्या मते या मालिकेची सर्वांत मोलाची देणगी तीच आहे. मालिकेने गुप्तलिपी सोप्याकडून अवघडाकडे अशा क्रमाने आणल्या. आधी ज्युलियस सीझरच्या नावाने ओळखली जाणारी पद्धत आली, जिच्यात प्रत्येक अक्षराऐवजी त्याच्यापुढचे तिसरे अक्षर लिहायचे असते. मग वर्णमाला उलटी धरून पहिल्या अक्षराच्या जागी शेवटचे घेण्याची, मूळ हिब्रू परंपरेतली पद्धत आली. त्यानंतर अक्षरांऐवजी त्यांचे क्रमांक आले, आणि पहिल्या पर्वाच्या शेवटच्या भागात तिन्ही पद्धती एकत्र केल्या. दुसऱ्या पर्वात किल्लीचा शब्द लागणारी व्हिजनेर पद्धत आली, जिच्यात त्या शब्दातल्या अक्षरांप्रमाणे मजकुराचे प्रत्येक अक्षर वेगवेगळ्या अंतराने सरकते, आणि तो शब्द भागातच कोठेतरी लपवलेला असे. पुस्तकात याखेरीज चिन्हांच्या लिपी आहेत, ज्यांत प्रत्येक अक्षरासाठी वेगळे चित्र वापरले आहे.

मराठीत हे सर्व उत्तम जमते. त्यासाठी मी सुचवतो ती रीत अशी: फळ्यावर क पासून ह पर्यंतची तेहेतीस व्यंजने ओळीने लिहावीत आणि शेवटी ळ घ्यावा, म्हणजे चौतीस व्यंजने होतात. स्वर आणि काना-मात्रा-वेलांट्यांना हात लावायचा नाही, फक्त व्यंजन तीन घरे पुढे सरकवायचे. ळ नंतर पुन्हा क पासून मोजायचे. क्ष आणि ज्ञ ही जोडाक्षरे असल्याने त्यांतली व्यंजने वेगवेगळी सरकवावीत. या रीतीने ‘कमळ’चे ‘घलग’ होते. ‘वही’ मात्र सरकवली की तिची ‘सखी’ होते! मुलांना हे उदाहरण द्यावेच, कारण गुप्त मजकूर स्वतःच अर्थपूर्ण शब्दासारखा दिसू शकतो आणि वाचणाऱ्याला फसवू शकतो, ही गोष्ट त्यातून एका क्षणात कळते. उलट्या वर्णमालेच्या पद्धतीत क आणि ळ, ख आणि ह, ग आणि स अशा जोड्या पडतात, आणि ‘खग’ लिहिला की ‘हस’ असा शब्द मिळतो.

यानंतरची पायरी गणिताच्या तासाला घ्यावी, असे मला वाटते. गुप्त मजकुराचा एक परिच्छेद मुलांना किल्ली न सांगता द्यावा. मराठी वाक्ये वारंवार ‘आहे’ने संपतात, आणि तीन घरे सरकवल्यावर त्याचे ‘आखे’ होते. पाच-सहा वाक्यांच्या शेवटी तोच शब्द दिसला की एखादी चलाख मुलगी तो ‘आहे’ असणार असे ओळखते, ह चा ख झाला हे तिच्या ध्यानात येते, आणि तेथून ती सगळा परिच्छेद सोडवते. एखादे चिन्ह किती वेळा आणि कोठे येते, यावरून मजकूर फोडण्याची विद्या नवव्या शतकात बगदादमध्ये अल-किंदी या विद्वानाने लिहून ठेवली आहे. आपल्या वर्गातली मुलगी त्याच वाटेने गेली, हे तिला जरूर सांगावे. किल्लीच्या शब्दाची पद्धत का निर्माण झाली, हेही मग शिकवावे लागत नाही. एकाच अंतराने सरकवलेली लिपी किती लवकर फुटते, हे मुलांनी स्वतः पाहिलेले असते. आपल्याकडची मुले पिढ्यान्‌पिढ्या ‘च’ची भाषा बोलत आली आहेत, ‘पुणे’ला ‘चणेपु’ म्हणत आली आहेत, तेव्हा अक्षरांची अदलाबदल त्यांना परकी वाटण्याचे कारण नाही. सुरुवात तेथूनच करावी.

पुस्तकातले आणखी एक अंग वर्गाला उपयोगी आहे. त्यातला मूळ लेखक प्रत्येक प्राण्याचे चित्र काढतो, बाणांनी अवयव दाखवतो, तो कोठे आणि कधी दिसला ते लिहितो, आणि स्वतःला काय कळले नाही तेही लिहितो. प्राणी काल्पनिक असले, तरी नोंद घेण्याची रीत खऱ्या निसर्गअभ्यासकाची आहे. शाळेच्या आवारातल्या सरड्याची किंवा मुंग्यांच्या वारुळाची नोंद मुलांना याच रीतीने करायला सांगता येईल.

प्रश्न: माझा नऊ वर्षांचा नातू पुस्तक मागतो आहे. चाळून पाहिले तर काही चित्रे भयंकर वाटली आणि अक्षरही वळणदार, वाचायला कठीण वाटले. त्याला द्यावे का? (एक आजोबा, डोंबिवली)

उत्तर: आपण आधी चाळून पाहिलेत हे उत्तम केलेत. अमेरिकेत या मालिकेला सात वर्षांवरील मुलांसाठीचे प्रमाणन होते, पण पुस्तक मालिकेपेक्षा थोडे मोठ्यांचे आहे. बिल सायफर नावाचा, एका डोळ्याचा त्रिकोणी खलनायक मालिकेत बराचसा विनोदी वाटतो. पुस्तकात मूळ लेखकाच्या भीतीतून त्याचे दर्शन होते, त्यामुळे तो जास्त अंगावर येतो. ज्या मुलाने मालिकेचे शेवटचे तीन भाग न घाबरता पाहिले, त्याला ही पाने जड जाऊ नयेत. ज्याला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती, त्याच्यासाठी एखादे वर्ष थांबावे.

अक्षराची अडचण खरी आहे. इंग्रजी तिसरी भाषा म्हणून शिकणाऱ्या मुलाला मूळ लेखकाची पाने एकट्याने वाचणे जड जाईल, कारण तो विद्वान आहे आणि विद्वानासारखाच लिहितो. मेबलची आणि डिपरची पाने तुलनेने सोपी आहेत. नातवाने ती वाचावीत आणि मधली अवघड पाने आपण मराठीतून सांगावीत, असे केले तर दोघांचाही त्यात सहभाग राहील. मात्र गुप्तलिपीतला मजकूर त्याच्याआधी सोडवू नये.

प्रश्न: आम्ही पोर्टलंडजवळ राहतो. मुले ग्रॅव्हिटी फॉल्स पाहायला जाऊ या म्हणून मागे लागली आहेत. या मालिकेतले खरे असे काही ओरेगनमध्ये पाहता येते का? (एक कुटुंब, ओरेगन)

उत्तर: गाव काल्पनिकच आहे, पण आपल्या राज्यात या मालिकेचा एक खरा प्रसंग घडला आहे. शेवटच्या भागाच्या अखेरीस जंगलात पडलेल्या बिल सायफरच्या दगडी पुतळ्याचे दृश्य येते, आणि ते चित्र नसून प्रत्यक्ष चित्रित केलेले आहे. हा पुतळा खरोखर कोठेतरी आहे हे लक्षात आल्यावर चाहते तो शोधू लागले. जुलै २०१६ मध्ये हर्श यांनी त्याचा एक जागतिक शोधखेळच जाहीर केला. पहिली खूण रशियातल्या सेंट पीटर्सबर्गमध्ये होती, दुसरी जपानमध्ये, आणि पुढच्या खुणा अमेरिकेत विखुरलेल्या होत्या. प्रत्येक खूण सोडवल्याशिवाय पुढची सापडत नसे, त्यामुळे वेगवेगळ्या देशांतल्या अनोळखी लोकांना एकमेकांच्या मदतीने हे काम करावे लागले. ‘जर्नल ३’ प्रसिद्ध झाले ते हा शोध चालू असतानाच. २ ऑगस्ट २०१६ रोजी ओरेगनच्या किनाऱ्याकडच्या रीड्सपोर्ट गावाजवळच्या झाडीत पुतळा सापडला. मात्र आता तो तेथे नाही. जागेच्या मालकीचा वाद निघाल्याने तो हलवावा लागला आणि पुढे उत्तर कॅलिफोर्नियातल्या कन्फ्युजन हिल या रस्त्याकडेच्या प्रेक्षणीय स्थळी ठेवण्यात आला. निघण्यापूर्वी त्या स्थळाकडे चौकशी करून घ्यावी.

मुलांना स्टॅनचे घर पाहिल्यासारखे वाटावे असे दुसरे ठिकाण हवे असेल, तर दक्षिण ओरेगनमध्ये गोल्ड हिलजवळचे ओरेगन व्होर्टेक्स आहे. तिरक्या बांधणीच्या घरात दृष्टिभ्रमामुळे माणसाची उंची कमी-जास्त झालेली भासते आणि चेंडू चढावर गेल्यासारखा दिसतो. स्टॅनचा धंदा अशाच जागांवरून सुचलेला आहे.

प्रश्न: मी महाविद्यालयात शिकतो आणि लहानपणापासून या मालिकेचा चाहता आहे. ‘जर्नल ३’ची विशेष आवृत्ती मिळवावी का? आणि त्यानंतर कोणते पुस्तक वाचावे? (एक वाचक, पुणे)

उत्तर: विशेष आवृत्ती २०१७ साली निघाली. तिच्या १०,००० क्रमांकित प्रती छापल्या होत्या आणि मूळ किंमत १५० डॉलर होती. तिच्यात सुट्या चिठ्ठ्या आहेत, एकाक्षी चष्मा आहे, आणि अतिनील दिव्याखालीच दिसणाऱ्या शाईतला मजकूर आहे. ही शाई केवळ शोभेसाठी घातलेली नाही. दुसऱ्या पर्वाच्या पहिल्या भागात प्रेतांची टोळी घरावर चालून येते, तेव्हा अशाच दिव्याखाली वहीतला अदृश्य मजकूर उजळतो आणि तीन सुरांच्या मेळाने ही प्रेते फुटतात, हे मुलांना कळते. तो प्रसंग स्वतःच्या हातांनी पुन्हा अनुभवता यावा, यासाठी ती आवृत्ती काढली गेली. पण आता ती फेरविक्री करणाऱ्यांकडून मूळ किमतीच्या कितीतरी पट देऊन घेणे मला योग्य वाटत नाही. गोष्ट, पात्रे आणि लेखन यांत साध्या आवृत्तीत काहीही उणे नाही.

पुढचे वाचन म्हणून २०१८ साली निघालेले ‘लॉस्ट लेजेंड्स’ घ्यावे. त्यात चार चित्रकथा आहेत आणि त्या मालिकेच्या भागांसारख्याच वाचता येतात. २०२४ साली आलेले ‘द बुक ऑफ बिल’ तुमच्या वयाला साजेसे आहे. हर्श यांनी ते खलनायकाच्या तोंडून लिहिले आहे आणि डिस्नेच्या प्रौढ वाचकांसाठीच्या प्रकाशन विभागाने ते काढले आहे. ‘जर्नल ३’च्या मूळ लेखकाची बाजू पक्की ध्यानात ठेवून ते वाचावे, कारण त्याच काळाविषयी बिल जे सांगतो, त्यातले किती खरे मानायचे, हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागते. घरात धाकटी भावंडे असतील, तर हे पुस्तक त्यांच्या हाताला लागणार नाही अशा जागी ठेवावे.